चैत्रातला ग्रीस: आईबरोबरचे नऊ दिवस

ग्रीसला जायचे ठरले तेव्हा ओळखीच्या प्रत्येकाने पहिला प्रश्न सांतोरिनी बेटाचा विचारला, आणि आमच्या नऊ दिवसांच्या आखणीत सांतोरिनी नव्हते. सोबत ६८ वर्षांची आई होती. तिचे गुडघे उतारावर दुखतात, ती अंडेही खात नाही आणि एकादशी मोडत नाही. त्यामुळे चढ कोणता आणि तो कोणत्या वेळी चढायचा, तसेच तिथे आई जेवणार काय, या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावरच मी गावे निवडली. अथेन्स, डेल्फी, नाफ्प्लिओ आणि क्रीट बेट एवढीच ती ठिकाणे. घरातल्या वडीलधाऱ्यांना घेऊन, प्रवासी कंपनीशिवाय जाऊ पाहणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून हा वृत्तांत जरा तपशिलाने लिहीत आहे.

महिना निवडताना मी हवामानाइतकाच तिथल्या पंचांगाचा विचार केला. ग्रीक ऑर्थोडॉक्स ईस्टर त्यांच्या जुन्या गणनेने येतो, म्हणून तो बहुतेक वर्षी पाश्चात्त्य ईस्टरपेक्षा वेगळ्या रविवारी असतो. त्याआधीचे सुमारे सात आठवडे उपवासाचे असतात आणि त्यांना ‘साराकोस्ती’ म्हणतात. पाडवा झाल्यावर आम्ही निघालो ते याच आठवड्यांत. एप्रिलच्या सुरुवातीला अथेन्समध्ये दुपारी साधारण २० अंश तापमान असते, डोंगर हिरवे असतात आणि उपाहारगृहांत उपवासाचे पदार्थ वेगळे मागावे लागत नाहीत. जुलै-ऑगस्टमध्ये पारा ४० अंशांकडे जातो आणि अलीकडच्या उन्हाळ्यांत उष्णतेच्या लाटेत अक्रोपोलिस ही अथेन्समधली प्राचीन मंदिरांची टेकडी भर दुपारी बंद ठेवावी लागली आहे. वृद्धांना घेऊन त्या दिवसांत जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. ईस्टरचा प्रत्यक्ष शुक्रवार ते रविवार मात्र टाळावा, कारण सारा देश गावाकडे निघालेला असतो, बोटी आणि बसगाड्या भरून जातात आणि ईस्टरच्या रविवारी स्मारके बंद असतात. २५ मार्च हाही त्यांचा राष्ट्रीय सुट्टीचा दिवस आहे.

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा, लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान १५ दिवस आधी तो पोचलाच पाहिजे. शुल्क ९० युरो आहे, प्रवास विम्याचे संरक्षण किमान ३०,००० युरोंचे हवे आणि पारपत्र परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालू असले पाहिजे. अनेक देश एकाच फेरीत करणाऱ्यांनी अर्ज जिथे सर्वाधिक दिवस राहणार त्या देशाकडे करावा. आईच्या अर्जाला तिच्या निवृत्तिवेतनाचा उतारा आणि सर्व खर्च मी करणार असल्याचे माझे पत्र जोडले. भेटीची वेळ लवकर मिळत नाही, म्हणून दिवाळीनंतर लगेच कागद गोळा करायला घेतले होते, आणि ते बरे झाले.

पहिला दिवस: अथेन्स

आखाती देशात विमान बदलून दुपारी अथेन्सला उतरलो. उन्हाळी वेळ सुरू झाल्यावर ग्रीस आपल्यापेक्षा अडीच तास मागे असतो, त्यामुळे झोपेचे गणित फारसे बिघडत नाही. विमानतळावरून मेट्रोची निळी मार्गिका क्रमांक ३ थेट शहराच्या मध्यावर, सिंताग्मा चौकात, सुमारे ४० मिनिटांत नेते आणि पुढे पिरेयस बंदरापर्यंतही जाते. विमानतळाचे तिकीट ९ युरोंचे असते, तर शहरातल्या शहरात ९० मिनिटे चालणारे साधे तिकीट १.२० युरोंचे. मेट्रोच्या याच मार्गावर आणि मोनास्तिराकी स्थानकात खिसेकापूंचा सुळसुळाट आहे. दारापाशी अकारण गर्दी करणारी चार-पाच माणसे दिसली, की ती गाडी सोडून पुढची घ्यावी. आमची पारपत्रे आईने स्वतः शिवलेल्या, पदराखाली बांधायच्या कापडी पिशवीत होती आणि नऊही दिवस ती तिथेच राहिली.

मुक्काम अक्रोपोली मेट्रो स्थानकाजवळच्या कुकाकी वस्तीत केला. ओमोनिया चौकाजवळ खोल्या स्वस्त मिळतात, पण रात्री आठनंतर त्या भागात आईला घेऊन चालावे असे मला वाटले नाही. कुकाकीतून टेकडीचे दक्षिणेकडचे दार पायी दहा मिनिटांवर आहे, आणि दुसऱ्या दिवशी या अंतराचे मोल कळले.

त्या रात्रीच्या जेवणाबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण पुढचे आठ दिवस त्याच ज्ञानावर निघाले. ‘निस्तिसिमो’ म्हणजे उपवासाचे. हा शब्द उच्चारला की मांस, दूध, लोणी, चीज आणि अंडी आपोआप वगळली जातात. परंतु शाकाहारी माणसाने इथेच सावध राहिले पाहिजे. या उपवासात मासे बहुतेक दिवस वर्ज्य असले तरी कोळंबी, माकूळ, ऑक्टोपस आणि तिसऱ्या चालतात, आणि ‘तारामोसालाता’ ही गुलाबी चटणी गाबोळीची असूनही उपवासाच्या पानात असते. म्हणून निस्तिसिमो म्हटल्यावर पुढे ‘होरिस’ म्हणजे ‘शिवाय’ हा शब्द जोडून खुलासा करावा: होरिस क्रेआस, मांसाशिवाय, होरिस प्सारी, माशाशिवाय, उपवासाबाहेरच्या दिवसांत होरिस अव्गो, अंड्याशिवाय. ‘लादेरा’ हा शब्द तर पाठच करावा. ऑलिव्हच्या तेलात मंद शिजवलेल्या भाज्यांचा तो सगळा वर्ग आहे आणि त्यात फरसबी, भेंडी, वांगी, बटाटे असे आपल्या ओळखीचेच सारे असते. पिवळ्या डाळीचे घट्ट वरण आणि त्यावर कच्चा कांदा, लिंबू नि तेल, याला ते ‘फावा’ म्हणतात. रानातल्या पालेभाज्या नुसत्या उकडून वर लिंबू पिळले की झाले ‘होर्ता’. टपोऱ्या पांढऱ्या घेवड्याच्या बिया टोमॅटोच्या रसात भाजून करतात ते ‘यिगांदेस’. टोमॅटो आणि ढोबळी मिरचीत तांदूळ भरून भाजलेले ‘येमिस्ता’ मागवण्याआधी आत खिमा नाही ना हे विचारावे. आईने पहिला घास फाव्याचा घेतला आणि फक्त हिंगाची फोडणी राहिली आहे असे सांगितले.

भाषेतली एक गफलत आधीच सांगून ठेवते. ग्रीकमध्ये ‘ने’ म्हणजे हो आणि ‘ओही’ म्हणजे नाही. आपल्या कानाला ‘ने’ हे नकारासारखे लागते, त्यामुळे दोनदा आम्ही हवा असलेला पाव ‘ने’ ऐकून परत पाठवला. तो पाव आणि पाणी न मागता मेजावर येतात आणि त्यांची लहानशी रक्कम बिलात लागते, हा तिथला रिवाज आहे. पावती मात्र अवश्य घ्यावी. पावती न दिल्यास ग्राहक पैसे देण्यास बांधील नाही, अशी सूचना उपाहारगृहांत लावलेली असते.

दुसरा दिवस: अक्रोपोलिस

अक्रोपोलिसचे तिकीट आता ३० युरोंचे असून ते ठरावीक वेळेचे असते, म्हणून घरूनच संकेतस्थळावर सकाळी आठची पहिली वेळ घेतली होती. ज्येष्ठांची सवलत युरोपीय संघाच्या नागरिकांपुरती आहे, त्यामुळे आईलाही पूर्ण तिकीट लागले. पश्चिमेच्या मुख्य दाराऐवजी दियोनिसोसच्या प्राचीन नाट्यगृहाजवळचे दक्षिणेचे दार धरावे. तिथे रांग लहान असते आणि चढ वळणावळणाने असल्याने बसत-उठत जाता येते. ज्यांना चढणे शक्यच नाही अशांसाठी उत्तरेच्या कड्यावर उद्वाहक बसवलेला आहे, पण त्यासाठी आधी कळवावे लागते आणि जोराचा वारा असेल तर तो बंद ठेवतात. खरा धोका चढाचा नसून दगडाचा आहे. शतकानुशतके पावले पडून संगमरवर काचेसारखा गुळगुळीत झाला आहे आणि कोरड्या दिवशीही त्यावर पाय सरकतो, त्यामुळे रबरी तळव्याचे बूट हवेतच. आईने साडीवर बूट घातले आणि काठी घेतली. प्रोपिलाया म्हणजे वरच्या प्रवेशद्वाराच्या पायऱ्यांवर ती माझ्या खांद्याला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत गेली.

पार्थेनॉन इ. स. पू. ४४७ मध्ये बांधायला घेतले आणि ते पुढे देऊळ, चर्च आणि मशीद अशा क्रमाने वापरात राहिले. १६८७ मध्ये तुर्कांनी त्यात तोफांची दारू साठवली असताना व्हेनिसच्या सैन्याचा तोफगोळा आत पडला आणि मधला भाग उडाला. आज दिसते ती पडझड मुख्यतः त्या एका संध्याकाळची आहे, दोन हजार वर्षांच्या झिजेची नव्हे, हे कळल्यावर त्या खांबांकडे पाहण्याची दृष्टी बदलते. साडेनऊच्या सुमारास मोठे जथे वर येऊ लागले, तोवर आमचे पाहून झाले होते. दहाला आम्ही उतरायला लागलो.

उतरून समोरच्या अक्रोपोलिस संग्रहालयात जावे, आणि ते टेकडीनंतरच करावे. २००९ मध्ये उघडलेली ही इमारत एका जुन्या वस्तीच्या अवशेषांवर उभी आहे आणि पायाखालच्या काचेतून ती घरे, विहिरी, नाल्या दिसतात. एरेख्थियोन मंदिराचे छत डोक्यावर पेलणाऱ्या सहा स्त्रीमूर्तींपैकी मूळ पाच इथे आहेत, टेकडीवर आता त्यांच्या प्रतिकृती उभ्या आहेत. सहावी ब्रिटिश राजदूत लॉर्ड एल्गिनच्या माणसांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी काढून नेली आणि ती लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. संग्रहालयाने तिची जागा मोकळी ठेवली आहे. या मूर्तींभोवती फिरता येते, म्हणून पाठीमागे जाऊन त्यांच्या वेण्या पाहाव्यात. मानेवर उतरणारा जाड पेड, त्याला दोन्ही बाजूंनी येऊन मिळणाऱ्या बारीक वेण्या, आणि एवढ्या केसांच्या जाडीमुळेच छताचा भार पेलणारी मान मजबूत झालेली. आई तिथे बराच वेळ उभी होती. वरच्या मजल्यावर पार्थेनॉनची शिल्पपट्टी मूळ क्रमाने लावली आहे. पिवळसर संगमरवर म्हणजे अथेन्समध्ये उरलेला भाग आणि पांढरेफटक प्लास्टर म्हणजे बाहेर गेलेल्या भागाचा साचा. मला या देशातले सर्वांत बोलके दालन हेच वाटले, आणि भवानी तलवार नि वाघनखांच्या चर्चा ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला ते समजावून सांगावे लागत नाही.

तिसरा दिवस: अथेन्स

राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालय मंगळवारी दुपारीच उघडते, एवढे लक्षात ठेवून वार निवडावा. तिथे सारे पाहायचा हट्ट धरू नये. मायसीनी या प्राचीन नगरीच्या थडग्यांतले सोन्याचे मुखवटे आणि अँटिकिथेराचे यंत्र ही दोन दालने आम्ही शांतपणे पाहिली. प्राचीन काळी बुडालेल्या जहाजातून १९०१ मध्ये निघालेले हे काशाचे यंत्र दातेरी चक्रांनी सूर्य-चंद्राच्या गती आणि ग्रहणे दाखवत असे. दुपारी अथिनास रस्त्यावरच्या मंडईभोवती सुके अंजीर, बदाम आणि तिळाचा हलवा घेतला. हा हलवा रव्याचा नसून तिळाच्या लगद्याचा असतो, वडीसारखा कापून वजनावर देतात आणि प्रवासात दोन दिवस सहज टिकतो. संध्याकाळी सिंताग्माला संसदेसमोरचा पहारा बदलताना पाहिला. तो दर तासाला बदलतो.

अथेन्समध्ये नळाचे पाणी पिण्यायोग्य आहे, आणि रस्त्यावरच्या टपरीत अर्ध्या लिटरची बाटली साधारण अर्ध्या युरोला मिळते. स्वच्छतागृहातले कागद मात्र शौचकुपात टाकू नयेत. जुन्या नळवाहिन्या अरुंद असल्याने ते शेजारच्या टोपलीत टाकतात आणि देशभर हीच पद्धत आहे. कार्ड जवळपास सर्वत्र चालते, तरी गावाकडच्या बससाठी थोडी रोख जवळ असावी. संपाची बातमी आदल्या दिवशी पाहून ठेवणेही तितकेच गरजेचे आहे, कारण देशव्यापी संप असला की मेट्रो आणि बोटी दोन्ही थांबतात. बहुतेक वेळा तो आधी जाहीर झालेला असतो.

चौथा दिवस: डेल्फी

या दिवसाची सुरुवात चुकीने झाली. अथेन्सला परगावच्या बससाठी दोन वेगवेगळी स्थानके आहेत, एक किफिसोसचे आणि दुसरे लिओसियोनचे. डेल्फीची बस लिओसियोनहून सुटते. मी टॅक्सीचालकाला नुसते ‘केतेल’ म्हणजे बससेवेचे नाव सांगितले, आणि त्याने साहजिकच मोठ्या, म्हणजे किफिसोसच्या स्थानकावर आणून सोडले. तिथून दुसरी टॅक्सी करून पोचेपर्यंत सकाळची बस गेली होती आणि पुढच्या बससाठी लाकडी बाकावर तीन तास काढावे लागले. स्थानकाचे नाव ग्रीक लिपीत लिहून जवळ ठेवावे, ही या तीन तासांची शिकवण. दिवसाला मोजक्याच बस असल्याने परतीचे तिकीटही त्याच वेळी काढावे.

सुमारे १८० किलोमीटरला तीन तास लागतात. बहुतेक प्रवासी डेल्फी एका दिवसात उरकून परत जातात, पण तसे करू नये. गावात रात्र काढली की संध्याकाळी दरीतल्या ऑलिव्हच्या राईवर ऊन उतरताना दिसते, आणि सकाळी आठला, अथेन्सच्या सहली येण्याआधी, अपोलो देवाचा परिसर आपल्याला जवळजवळ रिकामा मिळतो. आम्ही पोचलो त्या दुपारी फक्त संग्रहालय पाहिले. रथ हाकणाऱ्या तरुणाची काशाची मूर्ती तिथे एका दालनात एकटीच उभी आहे. इ. स. पू. पाचव्या शतकातल्या या मूर्तीचे डोळे वेगळे बसवलेले आहेत आणि पापण्यांचे केस तांब्याच्या बारीक पट्ट्यांतून कापलेले आहेत. अगदी जवळ जाऊन, खालून वर पाहिल्याशिवाय ते दिसत नाहीत.

पाचवा दिवस: डेल्फी ते नाफ्प्लिओ

सकाळी आठला आम्ही चढायला सुरुवात केली. हे सारे अवशेष एकेकाळी एका गावाखाली होते. फ्रेंचांनी १८९२ मध्ये उत्खनन सुरू केले त्यासाठी कास्त्री नावाचे ते गाव उचलून आजच्या जागी वसवले. वर जाणाऱ्या फरसबंद वाटेच्या दोन्ही बाजूंना नगरराज्यांनी अपोलोला वाहिलेल्या भेटींचे चौथरे आहेत आणि मंदिराखालच्या, वेड्यावाकड्या दगडांच्या भिंतीवर शेकडो लेख कोरलेले आहेत. त्यांतले बहुतेक गुलामांना मुक्त केल्याचे आहेत. देवाच्या साक्षीने केलेला करार पुसला जाऊ नये म्हणून तो देवाच्याच भिंतीवर कोरला. ती अक्षरे पाहताना मला कार्ल्याचे चैत्यगृह आठवले. धेनुकाकट इथल्या यवनांनी (हा शब्द तेव्हा ग्रीकांसाठी वापरत) खांब दान दिल्याचे लेख त्या खांबांवर ब्राह्मीत आहेत. ते यवन नेमके कुठून आलेले होते यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, पण दान दिलेल्या दगडावर आपले नाव आणि गाव कोरून ठेवायची रीत दोन्हीकडे दिसते, आणि लोणावळ्याला जाणाऱ्याने ती पाहिलेली असते.

आईला मंदिरापर्यंत नेले आणि तिथल्या सावलीत बसवून मी एकटी वरच्या नाट्यगृहापर्यंत जाऊन आले. त्याहून वरचे क्रीडांगण गुडघे दुखणाऱ्यांनी सोडून द्यावे. उरलेला दिवस बसमध्ये गेला: लिओसियोनला उतरून किफिसोसला, आणि तिथून दोन-सव्वादोन तासांत नाफ्प्लिओ. वाटेत कोरिंथचा कालवा लागतो. १८९३ मध्ये पुरा झालेला, सहा किलोमीटरांहून थोडा लांब, उभ्या कड्यांतून कापलेला. बसच्या खिडकीतून तो क्षणभरच दिसतो, म्हणून कॅमेरा आधी हातात घ्यावा.

सहावा दिवस: मायसीनी आणि एपिदावरोस

नाफ्प्लिओ हे बंदराचे देखणे गाव आधुनिक ग्रीसच्या पहिल्या राजधान्यांपैकी एक होते. १८३४ मध्ये राजधानी अथेन्सला गेली. त्याआधी, १८३१ मध्ये, देशाचे पहिले प्रमुख कापोदिस्त्रियास यांची इथल्या संत स्पिरिदोनच्या चर्चच्या दारात हत्या झाली. दाराशेजारी गोळीची खूण काचेखाली जपलेली आहे. गल्ल्या संगमरवरी आणि मोटारींना बंद आहेत. ग्रीसमध्ये ज्येष्ठांनी दोन रात्री शांतपणे राहावे असे एकच गाव विचाराल तर मी हेच सांगेन.

मायसीनी आणि एपिदावरोस दोन विरुद्ध दिशांना आहेत आणि बसच्या वेळा जुळत नाहीत. म्हणून मालकिणीच्या ओळखीने अर्ध्या दिवसासाठी टॅक्सी ठरवली, भाडे आधी कागदावर लिहून घेतले. मायसीनीच्या सिंहद्वारापर्यंतचा चढ बेताचा आहे. तिथे वाऱ्याला आडोसा नाही, एप्रिलमध्येही शाल हवी. आत्रेयसचे भांडार म्हणतात ती घुमटाची दगडी कबर खाली रस्त्यालगत आहे. चढणे न जमणाऱ्यांनी निदान ती पाहावीच.

त्या दिवशी रामनवमी होती. एपिदावरोसच्या नाट्यगृहात आम्ही बाराच्या थोडे आधी पोचलो. इ. स. पू. चौथ्या शतकातले हे नाट्यगृह चुनखडीच्या ५५ ओळींचे आहे आणि त्याच्या ध्वनियोजनेची कीर्ती मोठी आहे. रंगभूमीच्या मधोमध एक गोल दगड बसवलेला आहे. तिथे उभे राहून लोक टाळी वाजवतात, नाणे टाकतात. आई त्या दगडावर उभी राहिली, हात जोडले आणि नेहमीच्या आवाजात ‘श्रीराम जय राम जय जय राम’ म्हणू लागली. मी तोवर सर्वांत वरच्या ओळीत पोचले होते आणि मला प्रत्येक अक्षर कळले. नंतर तिने हळू आवाजात काही म्हटले ते मात्र ऐकू आले नाही. म्हणजे कुजबुजही वर पोचते असे सांगतात ते मी खरे धरणार नाही, पण स्वच्छ उच्चारलेला शब्द पोचतो. पायऱ्यांवर बसलेली शाळकरी ग्रीक मुले तिचे संपेपर्यंत गप्प राहिली.

सातवा दिवस: पिरेयस आणि रात्रीची बोट

नाफ्प्लिओवरच्या पालामिदी किल्ल्याला लोक ९९९ पायऱ्या सांगतात. मागच्या बाजूने मोटाररस्ता वरपर्यंत जातो, आणि आम्ही तसेच गेलो. दुपारच्या बसने अथेन्सला आणि तिथून पिरेयसला.

पिरेयस हे प्रचंड बंदर आहे आणि धक्क्यांची दारे इ-१ पासून क्रमाने लांबवर पसरलेली आहेत. तिकिटावरच्या दाराचा क्रमांक पाहिल्याशिवाय मेट्रो स्थानकातून बाहेर पडू नये, कारण सामान घेऊन चुकीच्या दिशेने गेल्यास परत येणे वृद्धांना झेपत नाही. क्रीटच्या हेराक्लिओनला जाणारी मोठी बोट रात्री नऊच्या सुमारास सुटते आणि पहाटे सहाला पोचते. खुर्चीचे तिकीट स्वस्त असले तरी आईबरोबर दोन खाटांची खोली घेतली. एका रात्रीच्या हॉटेलचे पैसे वाचतात हे धरले तर ती महाग नाही. जहाज मोठे असल्याने हेलकावे कमी लागतात, तरी उलटीची गोळी निघण्यापूर्वी अर्धा तास घ्यावी.

समुद्राचा वारा ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की बंदर अधिकारी बोटी सोडत नाहीत. जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेचा ‘मेल्तेमी’ वारा एजियन समुद्रात जोर धरतो आणि इतर महिन्यांतही वादळ येऊ शकते. म्हणूनच परतीच्या विमानाच्या दिवशी बोटीवर अवलंबून राहू नये. बेटे प्रवासाच्या मध्यावर ठेवावीत, किंवा आमच्यासारखे बोटीने जाऊन विमानाने परतावे. सांतोरिनी गाळण्याचे कारणही हेच होते. नऊ दिवसांत आणखी एक समुद्रप्रवास घातला असता तर एका वाऱ्याने सगळी आखणी कोसळली असती.

आठवा दिवस: हेराक्लिओन ते हान्या

पहाटे उतरलो तो दिवस एकादशीचा. बसस्थानक बंदराजवळच आहे, तिथे सामान ठेवून शहरबसने पाच किलोमीटरवरच्या क्नोसोसला आठ वाजता पोचलो. इंग्रज पुरातत्त्वज्ञ आर्थर इव्हान्सने १९०० मध्ये इथे उत्खनन सुरू केले आणि सापडलेल्या राजवाड्याचे काही भाग सिमेंट वापरून पुन्हा उभारले. लाल खांब पाहताना मूळ किती आणि विसाव्या शतकातले किती, हा प्रश्न सतत मनात ठेवावा लागतो. म्हणून नंतर शहरातले पुरातत्त्व संग्रहालय चुकवू नये. भिंतीवरच्या चित्रांचे मूळ तुकडे, हातात साप धरलेल्या मूर्ती आणि अजून न वाचता आलेली फैस्तोसची चकती तिथे आहेत.

दुपारी बसने रेथिम्नोमार्गे हान्याला गेलो. अंतर सुमारे १४० किलोमीटर, वेळ पावणेतीन तास, आणि उजव्या हाताला बराच वेळ समुद्र. व्हेनिसच्या काळातल्या बंदरामागच्या गल्लीत एक लहान खाणावळ सापडली. एकादशीला आईला धान्य आणि डाळ चालत नव्हती, म्हणून फावा, पाव, यिगांदेस सारे बाद. मी ‘निस्तिया’ म्हणजे उपवास, एवढा शब्द सांगून आईकडे बोट दाखवले. खाणावळीच्या आजींनी स्वतःकडे बोट दाखवले. त्यांचाही उपवास चालू होता. मग दोघींचे बोटांवर हिशेब सुरू झाले. आजींनी चाळीस दाखवले, आईने एक दाखवले आणि नंतर महिन्याला दोन. आजींनी आधी होर्ता आणली, ती आईने मला दिली. मग उकडलेले बटाटे मीठ आणि लिंबू लावून आले. दही आईला चालत होते आणि आजींना नव्हते, तरी त्यांनी ते शेजारच्या दुकानातून आणवले. घट्ट दही, वर थाइमच्या फुलांचा मध आणि अक्रोड. संत्री बिलात लावलीच नाहीत.

नववा दिवस: हान्या आणि परत

इथे एक दिवस कमी पडला. किमान दोन रात्री ठेवायला हव्या होत्या, आणि ज्यांचे पाय धड आहेत त्यांनी मेपासून उघडणाऱ्या सोळा किलोमीटरच्या सामारिया दरीसाठी आणखी एक दिवस धरावा. सकाळी उजाडताच आम्ही बंदराच्या कडेने, दीपगृह समोर ठेवून, फिरून आलो. तेव्हा तिथे फक्त जाळी उलगडणारे कोळी होते.

हान्याहून अथेन्सचे विमान तासाभराच्या आत पोचते. ते आणि पुढचे मायदेशीचे विमान एकाच तिकिटावर काढले होते, म्हणजे पहिल्याला उशीर झाला तरी पुढची सोय करण्याची जबाबदारी विमान कंपनीवर राहते. ऑलिव्हचे तेल आणि मध मोठ्या सामानात, कपड्यांत गुंडाळून ठेवावेत. हातातल्या पिशवीतून ते सुरक्षा तपासणीत काढून घेतले जातात. तेल काचेऐवजी पत्र्याच्या डब्यातले घ्यावे.

निघण्याआधी गल्लीच्या तोंडावरच्या भट्टीतून ‘कुलुरी’ म्हणजे तीळ लावलेला गोल पाव घेतला. तो अजून गरम होता. आईने तिथल्याच पायरीवर बसून बाटलीतल्या पाण्याने हात धुतले, आदल्या रात्रीचे एक संत्रे सोलले, आणि द्वादशीचे पारणे सोडले.